ब्राउझरमधला एस्केप गेम: दिव्यांची ५×५ पाटी विझंना, तिजोरी उघडंना, सेव्ह टिकंना

सेलू_लॅब

नमस्कार मंडळी. शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये शनिवारच्या तासाला आठवी-नववीची पोरं ब्राउझरवर एस्केप गेम खेळतात. खोलीत कोंडलेलं असतं, क्लिक करत वस्तू हुडकायच्या, कोडी सोडवायची नि दार उघडायचं, त्या जातीचे. मशीन १२, विंडोज १०, रॅम ४ जीबी, क्रोम. आत्ताचा गेम जपानी आहे. नाव मुद्दाम देत नाही, आयतं उत्तर नको, पद्धत पाहिजे.

अडलंय ते असं. भिंतीवर दिव्यांची ५×५ पाटी आहे. एक दिवा दाबला की तो आणि त्याच्या वरचा, खालचा, डावा, उजवा असे सगळे पालटतात. सगळे विझवायचेत, पण शेवटचे दोन-तीन काही केल्या विझंनात.

तिजोरीला चार आकडे लागतात. चित्रात ३ लाल फुलं, ५ पिवळी, १ निळं. शेजारच्या तांबूस कागदावर दोन चिन्हं आहेत: पहिलं पाच रेघांचं, दुसरं इंग्रजी टी सारखं. तिजोरीवर चार ठिपके: पिवळा, लाल, निळा, परत लाल. ५-३-१-३ टाकून झालं, उघडत नाही.

तिसरं म्हणजे अर्ध्यावर ठेवलेला गेम पुढच्या शनिवारी पहिल्यापासून सुरू होतो. सगळ्या मशीनवर नाही, काहींवरच. आणि पंधरा-वीस वर्षांपूर्वीचे जुने गेम उघडले की नुसता काळा चौकोन दिसतो. कशामुळं?

कळफलक (नांदेड)

सर, शेवटचं आधी घेतो. ते जुने गेम फ्लॅशचे आहेत, म्हणजे ब्राउझरमधल्या 'फ्लॅश प्लेअर' नावाच्या जोडणीवर चालणारे. अ‍ॅडोबीनं ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅश प्लेअर बंद केला. १२ जानेवारी २०२१ पासून तर प्लेअर मशीनवर असला तरी तो गेम चालवायला नकार देतो. त्यामुळं जुना प्लेअर कुठून तरी उतरवायच्या भानगडीत पडू नका, त्या नावानं फिरणाऱ्या फायलींचा भरवसा नाही.

त्याऐवजी 'रफल' वापरा, ते फ्लॅश प्लेअरशिवाय फ्लॅशचे गेम चालवतं. फुकट आहे, क्रोम आणि फायरफॉक्स दोन्हींसाठी एक्स्टेन्शन मिळतं. टाकलं की गेमचं पान रिफ्रेश करायचं, बस. २००६ च्या आधीचे गेम ॲक्शनस्क्रिप्ट (फ्लॅशची प्रोग्रॅमिंगची भाषा) १ नाहीतर २ मध्ये लिहिलेले असतात, ते रफलवर जवळपास सगळे नीट चालतात. म्हणजे २००४ ची 'क्रिमझन रूम' वगैरे. ॲक्शनस्क्रिप्ट ३ चे बरेचसे चालतात, पण एखादा मधेच अडकतो: दार उघडतं आणि पुढची खोली येतच नाही. अशा वेळी कोडं चुकलं म्हणून पोरांना परत परत करायला लावू नका, दुसरा गेम द्या.

रफल टाकूनही चौकोन रिकामाच राहिला तर तो गेम फ्लॅशचा नसून शॉकवेव्हचा किंवा जुन्या युनिटी वेब प्लेअरचा असणार, हे फ्लॅशसारखेच पण वेगळे जुने प्लेअर. रफल फक्त फ्लॅश ओळखतं. त्या दोन्हींसाठी 'फ्लॅशपॉइंट' नावाचा जुन्या गेमचा संग्रह आहे. त्याची एकेक गेम मागेल तसा उतरवणारी आवृत्ती घ्या, सगळा संग्रह तुमच्या हार्डडिस्कवर मावायचा नाही.

लॅबला नेट रडतखडत असेल तर रफलची डेस्कटॉप आवृत्ती बरी. गेमची एसडब्ल्यूएफ फाईल (फ्लॅश गेमची मूळ फाईल) तिच्यात उघडायची, नेट लागत नाही. दोन ठिकाणी फसतं. काही गेम 'मी माझ्याच साइटवर चालणार' असं बघतात आणि पहिल्या पडद्यावरच थांबतात. काही गेमच्या पाच-सहा फायली असतात, एकच उतरवली तर लोडिंगची पट्टी शेवटाला जाऊन तिथंच बसते.

पाटीवरचा_दिवा (लातूर)

दिव्यांच्या पाटीबद्दल. तीन गोष्टी पोरांच्या डोक्यात पक्क्या करा: एकच दिवा दोनदा दाबणं म्हणजे न दाबल्यासारखंच. कुठला आधी दाबला, कुठला नंतर, यानं काही फरक पडत नाही. आणि एकेक दिवा विझवत बसलं तर ती पाटी जन्मात विझत नाही, कारण प्रत्येक दाबणं शेजाऱ्यांना उठवतं.

पद्धत अशी. वरच्या ओळीला हात लावायचा नाही. वरच्या ओळीत जो दिवा पेटलेला असेल त्याच्या बरोबर खालचा, म्हणजे दुसऱ्या ओळीतला, दाबायचा. त्यानं वरचा विझतो. पहिली ओळ पूर्ण विझली की दुसरी बघायची आणि तिच्यातल्या पेटलेल्यांच्या खालचे तिसऱ्या ओळीत दाबायचे. असं करत चौथी ओळ विझवेपर्यंत खाली यायचं. आता फक्त पाचव्या ओळीत काही पेटलेले राहतील. नशीब जोरावर असेल तर एकही नाही.

डावीकडून १ ते ५ मोजा. खाली काय उरलं, त्यावरून सगळ्यात वरच्या ओळीत काय दाबायचं ते ठरतं:

१, २, ३ उरले → वर २ दाबा
३, ४, ५ उरले → वर ४
२, ३, ५ उरले → वर १
१, ३, ४ उरले → वर ५
१, २, ४, ५ उरले → वर ३
१ आणि ५ उरले → वर १ आणि २
२ आणि ४ उरले → वर १ आणि ४

दाबलं की वरची ओळ पुन्हा पेटेल, घाबरायचं नाही. परत वरून खाली तसंच उतरत या, या खेपेला खालची ओळ रिकामी निघते. हा तक्ता फळ्यावर लिहून ठेवा, ५×५ च्या कुठल्याही गेमला चालतो. 'सगळे पेटवा' असं असेल तर विझलेल्याला पेटलेला समजा, बाकी सगळं तेच.

या सातांपैकी काहीच जुळलं नाही, समजा नुसते १ आणि २ उरले, तर दहापैकी नऊ वेळा मधे एखादं क्लिक चुकलेलं असतं. पुन्हा वरून करा. तरीही तसंच आलं तर त्या गेमचा नियम वेगळा आहे: तिरके शेजारीही पालटतात, किंवा कडेचा दिवा पलीकडच्या कडेला जोडलेला आहे. कोपऱ्यातला एकच दिवा दाबून बघा. तीन पालटले तर नेहमीचा नियम, चार पालटले तर तिरका, पाच पालटले तर कडा जोडलेल्या.

३×३ असेल तर तक्ता नको. वरच्या ओळीत काय काय दाबायचं याच्या आठच शक्यता आहेत, प्रत्येकीनंतर खाली उतरत बघायचं, एक लागतेच. ४×४ ची गंमत म्हणजे तिथं एकदा खाली उतरलं की पाटी सुटलेली असते. नाही सुटली तर ती मुळात सुटणारीच नाही, किंवा क्लिक चुकलंय. लातूर पॅटर्नवाल्यांना पाठांतर आवडतं म्हणून तक्ता दिला, बरं का.

अंबाजोगाईची_किल्ली

तिजोरीचं बघू. जपानी गेममध्ये त्या पाच रेघा म्हणजे मोजणीची खूण असते. आपण चार उभ्या रेघा मारून पाचवी आडवी मारतो ना, तसं ते पाच रेघांचं एक अक्षर पुरं करतात. रेघांचा क्रम ठरलेला: आधी वरची आडवी, मग मधली उभी, मग उजवीकडे आखूड आडवी, डावीकडे आखूड उभी, शेवटी तळाची आडवी. म्हणजे पूर्ण अक्षर ५, आणि टी सारखं दिसतं ते पहिल्या दोन रेघांचं, म्हणजे २. एकूण ७. तांबूस कागदाचा आकडा ७.

याच गेममध्ये जपानी आकडेही येतील. एक, दोन, तीन म्हणजे तेवढ्या आडव्या रेघा, सोपं आहे. पण दहाचं अक्षर अगदी अधिकच्या चिन्हासारखं दिसतं आणि पोरं तिथं बेरीज करत बसतात. तारीख वर्ष-महिना-दिवस अशी वाचायची. लिफ्टमध्ये १ एफ म्हणजे आपला तळमजला. कुठं फासे दिसले आणि एक बाजू झाकलेली असली तर समोरासमोरच्या बाजूंची बेरीज ७ असते, त्यावरून झाकलेली काढता येते.

आता ठिपके. ५, १, ३, ७ हे चार आकडे मिळाले, पण ठिपक्यांत लाल दोनदा. गेमवाले असं करत नाहीत, चार वस्तू असतील तर चार रंग असतात. तेव्हा दोन 'लाल' पैकी एक खरा लाल नाही असं धरून चालते. सर, त्या मशीनवर पांढरा रंग पिवळट दिसतो का?

उमरी_९६

एवढं कशाला? यूट्यूबवर वॉकथ्रू (पूर्ण गेम सोडवून दाखवणारा व्हिडिओ) लावा, दोन मिनिटांत दार उघडतं.

अंबाजोगाईची_किल्ली

उघडत नाही ना. अनेक गेममध्ये कोड दर वेळी बदलतो, व्हिडिओतला ४८२६ तुमच्याकडं चुकीचाच येणार. आणि कोड बदलत नसला तरी काही गेम आतून टिपून ठेवतात की तुम्ही सूचना बघितली का. चित्र जवळून न बघता थेट बरोबर आकडे टाकले तरी तिजोरी गप्प. वॉकथ्रू बघायचाच तर 'कुठं बघायचं' एवढ्यापुरता बघा आणि त्या जागेवर स्वतः एकदा क्लिक करा.

सेलू_लॅब

दिव्याचं जमलं! दोन मशीनवर २ आणि ४ उरले होते, वर १ आणि ४ दाबून परत उतरलो, विझली. तिसऱ्यावर १ आणि २ राहिले, म्हणजे क्लिकच चुकलं होतं, परत केल्यावर लागलं.

ताई, बरोबर ओळखलंत. खिडकीकडच्या चार मशीनवर पांढरं पान पिवळसर दिसतंय. मॉनिटर जुने म्हणून सोडून दिलं होतं.

अंबाजोगाईची_किल्ली

सेटिंग्ज, सिस्टीम, डिस्प्ले, तिथं 'नाइट लाइट' चालू असणार. ते निळा रंग कमी करतं. जांभळा म्हणजे लाल अधिक निळा. त्यातला निळा गेला की उरतो लाल. तुमचा तांबूस कागद नि दोनपैकी एक लाल ठिपका जांभळे आहेत. बंद करा आणि ठिपके परत बघा. दुसरा जांभळा निघाला तर ५-७-१-३, चौथा निघाला तर ५-३-१-७. रंगांचं कोडं असलं की नाइट लाइट बंद, हा नियमच करा.

नाइट लाइट बंद असूनही पिवळटपणा राहिला आणि निळं फूल काळं दिसलं, तर मॉनिटरची व्हीजीए केबल बघा. तिच्यात पहिली पिन लाल, दुसरी हिरवी, तिसरी निळी. तिसरी वाकली किंवा सैल बसली की निळा रंगच गायब होतो. दोन्ही स्क्रू आवळले की बहुधा काम होतं.

आणखी एक. रंग क्रमानं लावायचे असतील आणि इंद्रधनुष्य कुठंतरी दाखवलं असेल तर शाळेतलं तानापिहिनिपाजा जसंच्या तसं चालतं. फक्त गेममध्ये 'पा' ला बरेचदा गडद निळा काढतात.

अंधारीतला (छ. संभाजीनगर)

सेव्हचं मी सांगतो, पण आधी अंदाजाचं गणित, कारण पोरं तिजोरीवर आकडे फिरवत तास घालवतात. चार आकडी कोडाच्या १०,००० शक्यता. त्या फिरवत बसायच्या नसतात. चार वेगळे आकडे माहीत आणि क्रम माहीत नाही तर २४ च शक्यता, त्या फिरवून बघायला हरकत नाही. कीपॅडवर तीनच बटणं झिजलेली दिसली तर एक आकडा दोनदा येतो, तिथं ३६. त्याच्या पुढं गेलं की समजायचं सूचना राहिलीय.

आता सेव्ह. ब्राउझर गेमचा सेव्ह त्या मशीनवर, त्या ब्राउझरमध्ये, त्या पत्त्याच्या नावानं राहतो. म्हणून मशीन बदललं की गेला. क्रोममध्ये खेळून एज ब्राउझरमध्ये उघडलं की गेला. इन्कॉग्निटो किंवा गेस्ट विंडो बंद केली की गेला. गेमचा एकच पत्ता एकदा एचटीटीपीनं आणि एकदा एचटीटीपीएसनं उघडला तरी दोन वेगळे सेव्ह धरले जातात. तुमच्याकडं काही मशीनवरच जातो म्हणजे दोन ठिकाणी बघा: क्रोमच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये 'सगळ्या खिडक्या बंद केल्यावर साइटचा डेटा पुसा' चालू आहे का, आणि मशीन बंद केल्यावर पूर्वस्थितीत आणणारं सॉफ्टवेअर टाकलंय का. शाळांच्या लॅबमध्ये ते बरेचदा असतं. असेल तर ब्राउझरमध्ये काहीही केलं तरी टिकणार नाही.

तिसरं कारण आडबाजूचं आहे. गेम गोळा करून दाखवणाऱ्या साइट मूळ गेम आपल्या पानात एका चौकटीत लावतात. क्रोम अशा चौकटीतला सेव्ह त्या साइटपुरता वेगळा ठेवतो. या शनिवारी एका साइटवरून आणि पुढच्या शनिवारी दुसरीवरून उघडलात तर गेम तोच पण सेव्ह कोरा. गेम बनवणाऱ्याच्या स्वतःच्या पानाचा बुकमार्क सगळ्या मशीनवर करून ठेवा.

रफलवर चालणाऱ्या फ्लॅश गेमला मात्र एक सोय आहे. गेमवर राइट क्लिक केलं की मेनूत सेव्ह मॅनेजर उघडायचा पर्याय दिसतो. तिथून सेव्ह फाईल म्हणून उतरवता येतो आणि दुसऱ्या मशीनवर परत घालता येतो. पेनड्राइव्हवर वर्गाचे सेव्ह ठेवा. गेमनं एकदाही सेव्ह केलं नसेल तर मेनूत तो पर्याय दिसणार नाही.

मधेच लाईट गेली आणि सेव्ह झालेलं नसलं तर त्यावर उपाय म्हणजे वही. जोडीनं बसवा, एकजण माऊसवर, एकजण वहीवर. वहीत खोलीच्या चार भिंती काढायच्या आणि प्रत्येक भिंतीखाली काय दिसलं, कुठं कुलूप आहे, कुठला कोड लागला ते लिहायचं. कोड बदलत नसलेला गेम असला तर वहीवरून पाच मिनिटांत होतो तिथंपर्यंत पोचता येतं.

कळफलक (नांदेड)

वहीचं शंभर टक्के. त्यात एक भर: झूम. ब्राउझरचा झूम कंट्रोल-शून्य दाबून १०० वर ठेवा. काही गेममध्ये झूम बदललेला असला की दिसतं एकीकडं आणि क्लिक लागतं दुसरीकडं. पोरं म्हणतात 'ड्रॉवर उघडंना', आणि ड्रॉवरची क्लिकची जागा बोटभर खाली असते.

न सापडणाऱ्या वस्तूंसाठी फ्लॅश गेममध्ये टॅबची कळ दाबून बघा. क्लिक होणाऱ्या जागांभोवती पिवळी चौकट फिरते. बनवणाऱ्यानं ती बंद केली असेल तर काही होत नाही. नव्या गेमला तिचा उपयोग नाही.

अंधारीतला (छ. संभाजीनगर)

टॅबनं पोरांची मजा जाते, पण असो. नव्या गेमसाठी देवगिरी किल्ल्याच्या अंधारीत, म्हणजे तिथल्या काळोख्या भुयारात, भिंत चाचपत जावं तसं जायचं: कडा आधी. उशी उचलली का, पडद्याच्या दोन्ही बाजू ओढल्या का, कपाटाच्या वरच्या काठावर, सोफ्याच्या खाली, चित्राच्या मागं. एखादा ड्रॉवर उघडा असताना त्याच्या आत परत क्लिक, आणि बंद असताना खाली वाकून बघायचा बाण आहे का ते. कर्सरचा हात होण्यावर विसंबू नका, जपानी गेममध्ये तो मुद्दाम बदलत नाहीत.

आणि सगळ्यात जास्त अडतं ते वस्तूंच्या पेटीत. वस्तू एकदा क्लिक केली की हातात येते, दुसऱ्यांदा क्लिक केली की मोठी होऊन दिसते. मोठी झाल्यावर तिच्यावर क्लिक करा, ती उलटते. मागं आकडे, झाकण, स्क्रू असतात. दोन वस्तू जोडायच्या असतील तर एक मोठी करून ठेवायची, दुसरी पेटीतून निवडायची आणि मोठ्या वस्तूवर क्लिक करायचं. रिमोट मोठा करून, पेचकस निवडून, मागच्या झाकणावर. झाकण निघालं की सेल निवडून आत. उलट क्रमानं केलं तर काहीच होत नाही आणि पोरांना वाटतं की वस्तू जुळत नाहीत.

सेलू_लॅब

५-७-१-३ ने उघडली! दुसरा ठिपका जांभळाच होता. तिजोरीत किल्ली आणि एक छोटा पियानो निघाला, आठ पांढऱ्या पट्ट्यांचा. घड्याळावर क्लिक केलं की पाच सूर वाजतात, तेच पियानोवर वाजवायचे. पण दोन मशीनवर आवाजच नाही, आणि पोरांना सूर ओळखू येत नाहीत.

पाटीवरचा_दिवा (लातूर)

आवाज नसेल तर आधी टॅबवर राइट क्लिक करून साइट म्यूट आहे का बघा. मग गेमच्या आत कुठंही एकदा क्लिक करा. क्रोम पहिल्या क्लिकच्या आधी आवाज सोडत नाही, आणि काही गेमची सुरुवातीची धून त्यामुळं कायमची गप्प राहते. तसं झालं तर पान रिफ्रेश, पण आधी सेव्ह झालंय का बघून.

सूर ओळखायची गरज नाही, जुळवायचे आहेत. मोबाईलवर घड्याळाचे पाच सूर रेकॉर्ड करा. मग पियानोची डावीकडून पहिली पट्टी वाजवा आणि रेकॉर्डिंगचा पहिला सूर लावा: तोच आहे, वर आहे की खाली? वर असेल तर पुढची पट्टी. पाच सुरांना दहा मिनिटं पुरतात. आठ पट्ट्या असल्या की पहिली बहुधा हार्मोनियमची पांढरी एक असते आणि आठवी तिचाच वरचा सा; पोरं या दोघींतच गोंधळतात, तेवढं सांभाळा. वर्गात पेटी वाजवणारं कुणी असेल तर त्याला घड्याळाजवळ बसवा, तो एका ऐकण्यात सांगेल.

लयही बघा. एखादा सूर लांबवलेला असेल तर तो दोनदा दाबायचा असू शकतो.

सेलू_लॅब

आठवीतला एक भजनी मंडळात पेटी वाजवतो, त्यानं ऐकूनच सांगितलं: सा, ग, प, ग, वरचा सा. पट्ट्या १, ३, ५, ३, ८. घड्याळाचं दार उघडलं, आत पेचकस. रिमोटचं झाकण आता काढतोय.